बंदिशाळेंतील पुस्तकें : लोकमान्य टिळकांच्या चरित्रांतील एक बोध

प्रेषित पौल बंदिवासांत असतां त्यानें आपला तरुण सोबती तीमथ्य यास जें पत्र पाठविलें, त्याच्या शेवटीं त्यानें दोन गोष्टी आणावयास सांगितल्या आहेत, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्रोवसांत कार्पाजवळ ठेविलेला झगा ही एक. आणि पुस्तकें, त्यांतही विशेषेंकरून चर्मपत्रें, ही दुसरी. हिंवाळा तोंडावर आला होता, आणि आपला अंत जवळ आहे हें त्यास कळून चुकलें होतें. अशा वेळीं त्या वृद्ध बंदिवानास अंगावरील पांघरुणाइतकीच पुस्तकांचीही गरज भासली. हा भाग आपण मंडळींत पुष्कळदां ऐकतों. परंतु त्यांतील झगा आपल्या ध्यानांत राहतो आणि पुस्तकें आपण विसरतों. कैद्यास कपडा द्यावा, सणाच्या दिवशीं गोड घांस द्यावा, हें आपणांस सुचतें. त्यास पुस्तक द्यावें, हें सुचणारा मनुष्य विरळा.

म्हणून आज आम्हीं एका थोर पुरुषाचें चरित्र या एकाच बाजूनें सांगण्याचें योजिलें आहे. हा पुरुष आपल्या धर्माचा नव्हता. इतकेंच नव्हे, तर मिशनच्या कामाविषयीं त्याचें मत पुष्कळदां कठोर असे. तरी बंदिशाळेंत पोंचलेलें पुस्तक काय करूं शकतें, हें महाराष्ट्रांत त्याच्या चरित्राइतकें स्पष्ट दुसरें कोठेंही दिसत नाहीं. तो पुरुष म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक.

टिळकांचा जन्म रत्नागिरी येथें २३ जुलै १८५६ रोजीं झाला. वडील शिक्षक होते, व संस्कृत आणि गणित या दोन विषयांची गोडी मुलास घरींच लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून १८७६ सालीं ते बी. ए. झाले, पुढें १८७९ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी घेतली. सरकारी नोकरीची वाट मोकळी असतां ती सोडून १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींबरोबर त्यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि पुढच्याच वर्षीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं दोन पत्रें सुरू झालीं.

पत्रें निघून दोन वर्षेंही झालीं नाहींत, तोंच टिळकांस तुरुंगाचा पहिला अनुभव आला. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयीं छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, व १८८२ सालीं टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोघां मित्रांस चार चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. त्या लहानशा खोलींत दोघांचे वादविवाद रात्र रात्र चालत. आगरकरांनीं शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचें मराठी रूपांतर हातीं घेतलें तें याच बंदिवासांत. तेंच पुढें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. दोन सुशिक्षित तरुणांस तुरुंगाच्या भिंतींआड बुद्धीला चारा मिळाला, म्हणून ते दिवस व्यर्थ गेले नाहींत. ज्यास असा चारा मिळत नाहीं, त्याचे दिवस कसे जात असतील याचा विचार वाचकांनींच करावा.

पुढील पंधरा वर्षांत टिळक महाराष्ट्राचे पुढारी झाले. या काळांतील त्यांच्या कित्येक मतांशीं आमचें जुळणें शक्य नाहीं. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर ‘केसरी’नें कडक टीका केली. संमतिवयाच्या कायद्यास १८९१ सालीं टिळकांनीं विरोध केला. त्याच्या आदल्या वर्षीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका प्रसंगीं रानडे, टिळक आदि मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला होता. त्या चहावरून सनातनी लोकांनीं केवढें वादळ उठविलें, आणि टिळकांसही प्रायश्चित्त घ्यावें लागलें, ही हकीकत जुन्या लोकांकडून पुष्कळांनीं ऐकली असेल. हें सर्व आम्ही मुद्दाम सांगतों. ज्याचें मत आपल्याला पटत नाहीं, त्याच्या हातींही बंदिवासांत पुस्तक पडावें कीं नाहीं, हाच आजचा प्रश्न आहे.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला, आणि त्या वेळच्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं त्यांस दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रथम डोंगरी, नंतर भायखळा व पुढें येरवडा, अशा तीन तुरुंगांत त्यांस ठेविलें. काल जो कायदेमंडळाचा सभासद होता, त्याच्या वांट्यास आज कैद्याचे कपडे, कैद्याची भाकरी आणि काथ्याचें काम आलें. प्रकृति झपाट्यानें ढांसळली.

अशा स्थितींत त्यांस एक भेट आली. ती इंग्लंडांतून, ऑक्सफर्डच्या विद्यापीठांतून आली होती. पाठविणारे गृहस्थ प्रोफेसर मॅक्समुल्लर. हे जन्मानें जर्मन. १८२३ सालीं डेसाऊ गांवीं जन्मलेले, आणि ख्रिस्ती धर्मांत वाढलेले. सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढण्यांत त्यांनीं १८४९ पासून १८७४ पर्यंत पंचवीस वर्षें घालविलीं होतीं, व त्याची दुसरी आवृत्ति चार भागांत १८९० ते १८९२ च्या दरम्यान निघाली होती. त्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांनीं टिळकांस पाठविली. टिळकांचा ‘ओरायन’ हा वेदकालाविषयींचा ग्रंथ १८९३ सालीं प्रसिद्ध झाला होता, व त्यावरून हा मनुष्य खरा अभ्यासू आहे हें त्यांस कळलें होतें. सरकारनें तें पुस्तक बंदिवानास वापरूं दिलें, आणि दिवसाचें काम संपल्यावर मिळणाऱ्या फावल्या वेळांत टिळक ऋग्वेद वाचूं लागले.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. मॅक्समुल्लर हे टिळकांच्या राजकारणाचे अनुयायी नव्हते. हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्य हें एकंदरींत हिताचें आहे असें मानणाऱ्यांपैकीं ते होते. टिळकांच्या लेखांचा त्यांनीं कैवार घेतला नाहीं. पण एका अभ्यासू मनुष्याचा देह व बुद्धि तुरुंगांत झिजत आहे, हें त्यांस सहन झालें नाहीं. म्हणून त्यांनीं पुस्तक पाठविलें, आणि दयेच्या अर्जावर सही केली. त्या अर्जावर सर विल्यम हंटर यांचीही सही होती. ६ सप्टेंबर १८९८ रोजीं, मुदत भरण्यापूर्वीं सहा महिने, टिळक कांहीं अटींवर सुटून घरीं आले.

त्या भेटीचें फळ पांच वर्षांनीं दिसलें. आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाच्या प्रदेशांत होतें, असा सिद्धांत मांडणारा टिळकांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं तुरुंगांत आलेल्या त्या पुस्तकाचा कृतज्ञतेनें उल्लेख केला आहे. मॅक्समुल्लर मात्र १९०० सालींच निवर्तले होते. आपल्या दानाचें फळ त्यांनीं पाहिलें नाहीं. हा सिद्धांत आजचे विद्वान स्वीकारीत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु दानाची किंमत त्यावरून ठरत नाहीं. पेरणारा बीं देतो. पीक कसें येईल हें त्याच्या हातीं नसतें. त्या वर्षीं एक बुद्धिमान मनुष्य खचून जाण्याऐवजीं उभा राहिला, एवढें फळही थोडें नव्हे.

तिसरा बंदिवास सर्वांत मोठा. २४ जून १९०८ रोजीं टिळकांस मुंबईंत पकडलें, आणि २२ जुलैच्या रात्रीं त्यांस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसरे दिवशीं त्यांस ५२ वर्षें पुरीं होणार होतीं. कांहीं आठवडे साबरमतीच्या तुरुंगांत ठेवून सप्टेंबरमध्यें त्यांस जहाजानें ब्रह्मदेशांत नेलें, व मंडाले येथील किल्ल्यांतील तुरुंगांत ठेविलें. शिक्षा बदलून साधी कैद करण्यांत आली. दैवाची गति पाहा : मंडाले ही ब्रह्मदेशच्या थिबा राजाची राजधानी, त्या राजास इंग्रजांनीं पदच्युत करून रत्नागिरीस आणून ठेविलें होतें, आणि रत्नागिरीस जन्मलेला मनुष्य आतां मंडालेस बंदिवान झाला. थिबा राजा रत्नागिरीसच १९१६ सालीं वारला.

मंडालेचा तुरुंग लांकडी होता. गजांच्या भिंतींतून उन्हाळ्यांत तापलेली धूळ, पावसाळ्यांत पाणी आणि हिंवाळ्यांत बोचरा वारा आंत येई. टिळकांस मधुमेह जडलेला. आपली भाषा बोलणारें माणूस स्वयंपाकासाठीं दिलेल्या कैद्यावांचून कोणी नाहीं. घरीं पत्र लिहावयाचें तें ठराविक मुदतीनें एकच, आणि तेंही अधिकाऱ्यांनीं तपासलेलें. हीं पत्रें ते आपले भाचे धोंडोपंत विद्वांस यांस लिहीत. घरच्या क्षेमकुशलाबरोबर त्यांत पुस्तकांच्या याद्या असत : हें पुस्तक कपाटांत असेल तें पाठवा, तें मुंबईहून मागवा, अमुक ग्रंथाची अमुक आवृत्ति शोधा. त्या याद्यांप्रमाणें पुण्याहून पेट्या जात. पुस्तकांविषयींचे निर्बंध आरंभीं कडक होते. राजकारणाचीं पुस्तकें वर्ज्य होतीं, व इतरांसही परवानगी लागे. परवानगी हळूहळू मिळत गेली, आणि सहा वर्षांत त्या लांकडी खोलींत सुमारें चारशें पुस्तकें जमलीं. संस्कृत ग्रंथ तर होतेच. पण पाश्चात्य तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र यांचीही पुस्तकें होतीं. पन्नाशी उलटलेला तो बंदिवान जर्मन, फ्रेंच व पाली भाषा पुस्तकांच्या आधारें शिकला.

या सामुग्रीवर १९१०-११ च्या हिंवाळ्यांत ‘गीतारहस्य’ लिहून झालें. कार्तिक महिन्यांत आरंभ केला आणि फाल्गुन संपतां संपतां पहिला खर्डा पुरा झाला. शाई-लेखणी मिळत नसे. सर्व ग्रंथ शिसपेन्सिलीनें लिहिलेला आहे. कागदही सुटा नसे. बांधलेल्या व पानांवर आंकडे घातलेल्या वह्या मिळत. कांहीं पुस्तकें त्या वेळीं हाताशीं नव्हतीं, म्हणून ग्रंथांत कांहीं स्थळें अपुरीं राहिलीं, व तीं सुटून आल्यावर भरून काढावीं लागलीं. पुस्तक पोंचलें तर काय होतें हें आपण पाहिलें. न पोंचल्यास काय होतें, याची साक्ष हीं अपुरीं राहिलेलीं स्थळें देतात.

या ग्रंथाच्या शेवटच्या परिशिष्टांत गीता आणि ख्रिस्ती लोकांचें बायबल यांची तुलना करणारा एक भाग आहे. नव्या करारांतील कित्येक विचार बौद्ध धर्माकडून आले असावेत, असा टिळकांचा तर्क आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. परंतु असा भाग लिहावयास शुभवर्तमानें बारकाईनें वाचल्याशिवाय गत्यंतर नाहीं, हेंही उघड आहे. वाचणारा मनुष्य आपल्या मताचा होईलच असें नाहीं. तो मोकळेपणानें वाचील, ताडून पाहील आणि आपलें मत बनवील. देणाऱ्यानें यापेक्षां अधिक अपेक्षा धरूं नये.

बंदिवासाचें दुःख पुस्तकांनीं नाहींसें होतें असें मात्र कोणी समजूं नये. जून १९१२ मध्यें टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या, आणि ही बातमी त्यांस मंडालेस तारेनें समजली. चाळीस वर्षांच्या सोबतिणीचें शेवटचें दर्शन त्यांस घडलें नाहीं. त्या रात्रीं चारशें पुस्तकें त्यांचें सांत्वन करूं शकलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं. पण दुसरे दिवशीं पुन्हा उठून बसावयास जें कांहीं लागतें, तें त्यांस त्या पुस्तकांत व त्या कामांत सांपडलें.

१९१४ च्या जून महिन्यांत टिळकांस मध्यरात्रीं पुण्यास त्यांच्या घरीं आणून सोडलें. हस्तलिखित सरकारनें कांहीं काळ अडकवून ठेविलें होतें. तें मिळाल्यावर १९१५ च्या जूनमध्यें ‘गीतारहस्य’ छापून प्रसिद्ध झालें. पुढें सहा वर्षें त्यांनीं स्वराज्याच्या चळवळींत घालविलीं. १९२० च्या एप्रिलमध्यें आपल्या सोलापुरांत मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद भरली, तेव्हां लोकमान्य येथें आले होते. त्यानंतर चार महिन्यांच्या आंत, १ ऑगस्ट १९२० रोजीं, मुंबईस त्यांचा अंत झाला.

आतां आम्ही आमच्या वाचकांस एक प्रश्न विचारतों. टिळकांस याद्या पाहून पुस्तकें धाडणारा भाचा होता. पुण्यास भरलेलीं कपाटें होतीं. ऑक्सफर्डास त्यांचें नांव जाणणारा प्रोफेसर होता. ज्या कैद्यास यांपैकीं कोणीही नाहीं, त्यास पुस्तक कोण पाठविणार? त्याच्यासाठीं कारागृहांतील ग्रंथालय हाच भाचा, आणि तेंच कपाट.

तुरुंग ही सोलापूरकरांस परकी गोष्ट नाहीं. १९३० च्या मे महिन्यांत या शहरांत लष्करी कायदा पुकारला गेला, पुष्कळ लोक गजांआड गेले, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. त्याच येरवड्यास, जेथें एकदां टिळक बंदिवान होते. आज आपल्या शहरांत जिल्हा कारागृह आहे. त्यांत असणारे सर्व अपराधी ठरलेले असतात, ही समजूत चुकीची आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील कैद्यांपैकीं शेंकडा सुमारें ७५ हे खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. तारखेची वाट पाहण्यापलीकडे त्यांस काम नसतें. आपल्या खेड्यांतील एखादा तरुण बांधावरच्या भांडणावरून, एखादा कर्जाच्या भानगडींतून तेथें जातो, आणि महिनेच्या महिने भिंतीकडे पाहत बसतो. त्या भिंतीऐवजीं त्याच्या डोळ्यांपुढें एक पान असलें, तर तो परत येईल तेव्हां निराळा मनुष्य असेल. नसलें, तर भिंतीआड त्यास जें दुसरें शिक्षण मिळतें, तें घेऊनच तो परत येईल. हें नुकसान त्याच्या एकट्याचें नाहीं; तें त्याच्या आईचें, त्याच्या मुलांचें आणि सर्व गांवाचें आहे.

प्रत्येक कारागृहांत ग्रंथालय असावें, असें संयुक्त राष्ट्रसंघानें २०१५ सालीं मान्य केलेले नियम सांगतात, आणि हिंदुस्थान सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलींतही ग्रंथालयाची योजना आहे. परंतु नियमानें फळी मिळते. फळीवरचीं पुस्तकें माणसांस द्यावीं लागतात.

तीं कशीं द्यावींत याविषयीं दोन शब्द. घरांतली अडगळ काढण्याची ही संधि नव्हे. फाटकें, पानें गळालेलें, आपण स्वतः वाचणार नाहीं असें पुस्तक बंदिवानास देऊं नये. सोलापूर ही चार भाषांची नगरी आहे : मराठीबरोबर विणकरांच्या घरांत तेलुगु, सीमेकडील लोकांत कानडी आणि मोहल्ल्यांत उर्दू बोलली जाते, म्हणून सर्वच पुस्तकें मराठी असून भागणार नाहीं. नुकतें अक्षर शिकलेल्यास ठळक टाइपाचीं गोष्टींचीं पुस्तकें हवींत. परीक्षेस बसूं पाहणाऱ्यास शाळेचीं पुस्तकें व एखादा कोश हवा. शेतकऱ्यास शेतीचें, कारागिरास यंत्राचें, आणि आपला खटला समजून घेऊं पाहणाऱ्यास सोप्या भाषेंतील कायद्याचें पुस्तक हवें. पवित्र शास्त्र अवश्य द्यावें. पण तेंच तेवढें देऊन आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये, आणि घेणाऱ्यावर कोणतीही अट घालूं नये. मॅक्समुल्लरनें ऋग्वेद पाठविला. टिळकांस जें हवें होतें तें पाठविलें. पुस्तकें नेण्यापूर्वीं कारागृहाच्या अधीक्षकांस भेटून काय चालतें, काय हवें आहे, हें विचारावें व यादीसह पुस्तकें त्यांच्या स्वाधीन करावींत. तपासणी होईल, तीबद्दल रुसूं नये.

एका खेड्यांतील एका मंडळीनें वर्षांतून पांच चांगलीं पुस्तकें दिलीं, तरी तें ओझें कोणास जड नाहीं. तीं कोणाच्या हातीं पडतील हें आपणांस कळणार नाहीं, आणि त्याचा कागदही आपल्याकडे येणार नाहीं. ऑक्सफर्डच्या त्या वृद्ध प्रोफेसरासही आपल्या पुस्तकाचें पुढें काय झालें हें दिसलें नाहीं. तरी त्यांनीं तें पाठविलें. येत्या हिंवाळ्यापूर्वीं, झग्याबरोबर पुस्तकेंही घेऊन कोणी तरी त्या दाराशीं जावें, एवढीच आमची विनंती आहे.